वजनकाटा चुकवणारे मास्तर

वकीलबाईंच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर टेलर मास्तरांनी लाल ठिपक्यांची एक रांग काढून ठेवली होती, आणि ती इतकी सरळ होती की पाहणाऱ्याला आधी नक्षीच वाटावी.

वकीलबाई व्यवसायात अगदी नव्या. दुसऱ्या दिवशी आयुष्यातली पहिली केस चालवायची, म्हणून शर्ट खास शिवायला टाकलेला. त्यांनी तो उजेडात धरला, कॉलर उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"मास्तर, ही नक्षी मी सांगितली होती?"

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "खडू असेल. झटकला की जातो."

झटकला. गेला नाही. मग मास्तरांनी बोट ओलं करून चोळलं, तेव्हा ठिपक्यांचे फराटे झाले.

"अहो, रक्ताचे डाग घेऊन कोर्टात आरोपी येतो, वकील नाही!"

मास्तरांनी हातापाया पडून माफी मागितली, संध्याकाळपर्यंत नवी कॉलर बसवून देतो असं वचन दिलं आणि बाईंना कसंबसं पायरीखाली उतरवलं. कोपऱ्यात स्टुलावर बसून काज-बटणं करणाऱ्या काकूंनी इतका वेळ मान वर केली नव्हती. आताही केली नाही.

"लाल खडू आपण कधी आणला, मास्तर?"

मास्तरांनी डाव्या हाताचं पहिलं बोट पाहिलं. शेंड्याची पार चाळण झाली होती. एका भोकातून अजून बारीक थेंब येत होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. कॉलरची हातशिलाई करताना सुई बोटात जात-येत राहिली, जसं काही बोट शेजाऱ्याचं होतं.

मास्तरांची ओळख करून द्यायला फार लांब जायला नको. दुकानाच्या काचेत जी भलीमोठी पँट टांगली आहे, ती कोणा ग्राहकाची नाही, त्यांची स्वतःची. काही वर्षांपूर्वी ते तिच्यात मावत होते, तेही श्वास रोखून. मशीनवर बसले की पोट आधी पोचायचं आणि हात मागून यायचे. ग्राहकाच्या पायाचं माप घ्यायला खाली बसले की त्यांना उठवायला ग्राहकालाच हात द्यावा लागे. शेवटी गुडघे, साखर आणि बायको या तिघांनी मिळून त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर नेलं. डॉक्टरांनी जठर बांधून लहान केलं आणि आतड्याची वाट वळवली. मास्तर सांगायचे, "आत चांगलं मोठं पोतं होतं, त्याला टीप मारून पाकीट केलं."

वजन असं उतरलं की ओळखीची माणसं समोरून निघून जाऊ लागली. बायकोला आभाळ ठेंगणं झालं. ती घरात पाळणाघर चालवते, पण त्या दिवसांत मुलांना आणायला-न्यायला येणाऱ्या आया मुलं कमी आणि मास्तर जास्त बघायच्या. जुनी पँट काचेत टांगायची कल्पनाही तिचीच. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं, 'हे आमचे मास्तर होते.' मास्तर वारले की काय असं लोक विचारायला लागल्यावर पुढे 'आता आत येऊन बघा' असं जोडलं. दवाखान्यानेही मागे राहायचं नाही असं ठरवलं असावं. तिथल्या खोल्यांमधल्या बोळात मास्तरांचा आधीचा आणि नंतरचा फोटो एका चौकटीत लागला.

पहिलं वर्ष मास्तर वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे वागले. सांगितल्या दिवशी तपासणी, रक्त द्यायचं, गोळ्या घ्यायच्या, घास बत्तीसदा चावायचा. मग एकदा शाळेच्या गणवेशांची गर्दी आडवी आली आणि तपासणी बुडाली. पुढची बुडाली ती आधीची बुडाली म्हणून सिस्टर ओरडतील या भीतीने. त्यापुढची बुडाली ती आता दोन बुडाल्या म्हणून. गोळ्या संपल्या. काही बिघडलं नाही. निदान तसं वाटलं.

आणि पाळणाघरात बिस्किटं होती. लहान केलेल्या पोटात भाकरी-भाजीचे चार घास गेले की दाटून येतं. पण चहात बुडवून लगदा केलेलं बिस्किट पोटाला कळायच्या आत खाली उतरतं. मुलांनी अर्धी टाकलेली बिस्किटं वाया जाऊ नयेत या थोर विचाराने मास्तर ती डब्यात भरून दुकानात नेऊ लागले.

दुसरा कोणी असता तर त्याची चुगली त्याच्याच पँटने केली असती. पण मास्तर शिलाईत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडणारे टेलर. दुपारी काकू जेवायला गेल्या की ते शटर अर्धं खाली ओढायचे, पँट उतरवून कमरेला अस्तराचं कापड गुंडाळायचे आणि मागची शिवण उसवून थोडी बाहेर घ्यायचे. काकू परत येईपर्यंत पँट पुन्हा अंगावर, चोख बसलेली. घरी बायको कमरेकडे एक नजर टाकायची. "पँट बसतेय ना? मग वजन आहे तिथंच आहे." मास्तर मान डोलवायचे. गंमत अशी की हळूहळू त्यांनाही ते पटायला लागलं. पँट बसतेय, म्हणजे सगळं ठीक आहे. ती रोज आपणच बसवतोय, हा भाग ते दुपारी अर्ध्या शटरमागे ठेवून यायचे.

दवाखान्याचा फोन यायचा. सिस्टर चिवट बाई. मास्तरांनी तो नंबर मोबाईलमध्ये 'उचलू नये' या नावाने साठवून ठेवला होता.

मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग त्या मुंग्याही गेल्या, आणि ते जास्त वाईट होतं. पायात मोजे नसताना मोजे घातल्यासारखं वाटायचं. कापड सुती की मिश्र धाग्याचं, हे ज्या बोटांना अंधारात कळायचं, त्यांना आता खिशातलं नाणं आणि बटण यांतला फरक कळेना. टेलरचं सगळं घर या दहा बोटांवर उभं असतं. मास्तरांना ते कळत होतं. म्हणूनच ते त्यावर विचार करत नव्हते.

कॉलरचा घोटाळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर एका ग्राहकाशी बाह्यांच्या लांबीवर हुज्जत घालत होते. काकू उठल्या, शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी टेबलावर ठेवलेल्या मास्तरांच्या बोटात हळूच सुई टोचली. मास्तर बोलतच राहिले. काकूंनी दुसऱ्या बोटात टोचली. मास्तर म्हणत होते, "बाही मनगटावर टेकली पाहिजे, साहेब, तळहातावर नाही." ग्राहकाचे मात्र डोळे पांढरे झाले.

"काकू, हे काय चाललंय?" ग्राहकाचं तोंड पाहून मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. बघत होते, घरी कोण आहे का."

ग्राहक गेल्यावर काकूंनी मास्तरांचा हात हातात घेतला. "ऑपरेशनवाल्यांकडे जा, मास्तर. माझे डोळे जातायत, तुमची बोटं गेली तर या दुकानात काय इस्त्री शिवणार आहे कपडे?"

"मशीनच्या तेलाने होतं असं. जाईल."

"तुम्ही जाणार का, एवढंच विचारलं मी."

मास्तरांनी कात्री उचलली आणि कापडाकडे बघितलं. जाणार म्हणजे काट्यावर चढणार. तो काटा दवाखान्याच्या बोळात आहे, आणि त्याच्या बरोबर वर मास्तरांचा हसरा फोटो. नको म्हणजे नको.

पण दिवस असे आले की नको म्हणायची सोयच राहिली नाही. रविवारी बायकोचा धाकटा भाऊ आला. नाव बारक्या. लहानपणी बारीक होता म्हणून पडलेलं नाव, आणि आता दारातून आडवा होऊन आत येत असला तरी ते कोणी बदललं नाही. बस डेपोच्या चौकशी खिडकीत तो बसतो, आणि तो बसला की खिडकीतून मागचं काही दिसत नाही.

"भाऊजी, ठरलं," तो पलंगावर टेकत म्हणाला. पलंगाने हुंकार दिला. "मी पण करतोय ऑपरेशन. गुरुवारी डॉक्टर सगळं समजावून सांगणार. घरचं एक माणूस घेऊन या म्हणालेत."

"ताईला ने."

"मी पोरांना कोणाच्या अंगावर टाकू?" बायको आतून म्हणाली. "आणि तुमच्यासारखं माणूस असताना मी कशाला? तिथे भिंतीवर आहात तुम्ही!"

"गुरुवारी मला गणवेशांची…"

"अहो, शाळांना आत्ताच सुट्टी लागलीय."

"भाऊजी, खरं सांगू?" बारक्याचा आवाज एकदम खाली आला. "मला लई भीती वाटते. पण तुमच्याकडे बघितलं की वाटतं, या माणसाला जमलं, तर आपल्याला का नाही? तुम्ही शेजारी बसा फक्त. मी तुमच्याकडे बघून सही करणार."

मास्तरांनी पोट आत घेतलं. तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल वाजला. बारक्याने वाकून बघितलं.

"भाऊजी, कोणीतरी 'उचलू नये' फोन करतंय."

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. "कोण हो हे उचलू नये?"

"एक गिऱ्हाईक आहे. फार डोकं खातं."

"बाई आहे का बुवा?"

"बाई," मास्तर म्हणाले. आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती, म्हणून चुकून खरं बोलून गेले. बायकोने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मोबाईल वाजून वाजून गप्प झाला.

गुरुवारी मास्तरांनी ढगळा शर्ट घातला. दवाखान्याच्या बोळात शिरल्यावर ते भिंतीच्या बाजूला तोंड करून चालू लागले, पण भिंतीवर तर तेच होते. फोटोतला मास्तर दोन्ही अंगठे वर करून हसत होता. त्याच्या पायाशी काटा.

"अहो फोटोवाले!" सिस्टरनी लांबूनच हाक मारली. "सापडलात! फोन का उचलत नाही?"

"मी याच्यासोबत आलोय," मास्तरांनी बारक्याच्या पाठीमागे उभं राहत सांगितलं. बारक्याच्या मागे कोणीही लपू शकतं, पण सिस्टरना ते माहीत होतं.

"ते आत जातील. तुम्ही हा घ्या." सिस्टरनी एक प्लॅस्टिकचा बिल्ला त्यांच्या हातात कोंबला. नंबर शेवटचा. "बोटं अशी का चोळताय?"

"सवय आहे."

"ती पण सांगा डॉक्टरांना."

बारक्या तपासण्यांना आत गेला. मास्तर बाकड्यावर बसले, एका कडेला, दाराच्या बाजूच्या. एकेकाला नंबर पुकारून बोलावत होते, काट्यावर उभं करत होते, आकडा लिहीत होते. प्रत्येक वेळी काटा कुरकुरला की मास्तर पोट आत घ्यायचे. निघून जायचं म्हटलं तर आत बारक्या. बसायचं म्हटलं तर वर फोटो. त्यांनी पंख्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं आणि उठले.

"पळायचा विचार आहे?" शेजारच्या माणसाने विचारलं. रंगारी असावा. नखांत निळा रंग, केसांत पांढरा.

"छे. जरा हवा खायला."

"हवा त्या खिडकीत आहे. तुम्ही दाराकडे निघालात."

मास्तर पुन्हा बसले.

"मी पळालोय इथून," रंगारी म्हणाला. "दोनदा. एकदा तर चप्पल राहिली इथेच, दुसऱ्या वेळी न्यायला आलो आणि सिस्टरच्या तावडीत सापडलो. किती वाढलंय?"

"पँट बसते अजून."

रंगाऱ्याने पँटकडे बघितलं, मग मास्तरांच्या गळ्यातल्या मापाच्या फितीकडे. मास्तर ती काढून ठेवायला विसरले होते. रंगारी पोटभर हसला. म्हणजे त्याच्या पोटात जेवढं मावत होतं तेवढं.

"तुमचा नंबर?"

"शेवटचा."

"माझा आताच येईल. हा घ्या. तुमचा मला द्या."

"अहो, पण तुमचं काम खोळंबेल."

"भिंत कुठे जातेय? तुम्हाला इतका वेळ बसवलं तर तुम्ही काही राहत नाही. मला कळतं ना. पुढच्या खेपेला तुमचा नंबर लवकरचा लागला तर मला द्या. फिट्टंफाट."

त्याने बिल्ला बदलूनही टाकला होता आणि लगेच तो पुकारलाही गेला. मास्तर उठले, चार पावलं चालले आणि स्वतःच्या फोटोखाली उभे राहिले.

"सिस्टर, पँटचं वजन वजा करा."

"लोखंडाची शिवलीय?"

काटा कुरकुरला. नेमका तेव्हाच बारक्या आतून बाहेर आला, हातात कापूस धरून. त्याने आकडा बघितला, वरचा फोटो बघितला, पुन्हा आकडा बघितला.

"भाऊजी, काटा बिघडलाय का?"

"नाही रे."

"पण तुमची पँट तर…"

"ती मी रोज सैल करतो, बारक्या. दुपारी. शटर ओढून."

बोळात इतकी माणसं होती, पण मास्तरांना फक्त बारक्याचा श्वास ऐकू येत होता. सही करायचा कागद त्याच्या दुसऱ्या हातात होता. तो त्याने नीट घडी करून खिशात ठेवला. सही न करताच.

डॉक्टरांनी मास्तरांना डोळे मिटायला सांगितलं. "मी बोटाला कापूस लावणार आहे. लावला की सांगा कुठे लावला."

"लावा. लावला की सांगतो."

"लावून झाला," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी डोळे उघडले. समोर दहा बोटं पसरलेली होती, आणि ती फार लांब वाटत होती.

"गोळ्या कधी बंद केल्या?"

"संपल्या तेव्हा."

"कधी संपल्या?"

मास्तर गळ्यातली फीत गुंडाळू लागले. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते शांतपणे सांगत गेले. वाट वळवलेल्या पोटाला अन्नातली काही जीवनसत्त्वं घेता येत नाहीत, ती बाहेरून द्यावी लागतात, नाहीतर नसा वाळतात. आता इंजेक्शनं सुरू करायची. बोटं सुधारतील, पण सगळी जाणीव परत येईल असं लिहून देता येणार नाही. वजनाचं नंतर बघू, आधी हात. सध्या सुईचं बारीक काम बंद.

"आणि हे किती दिवस?"

"गोळ्या आणि तपासणी? जन्मभर."

"जन्मभर?"

"जेवणार किती दिवस आहात?"

परत येताना बारक्या खिडकीशी बसला. बसच्या दोन जागा त्याने व्यापल्या होत्या आणि मास्तर दांडी धरून उभे होते.

"मग मी करू का नको?" शेवटी त्याने विचारलं.

"कर. पण माझ्याकडे बघून करू नकोस."

"मग कोणाकडे बघू?"

बस वळली, त्यांनी दांडी घट्ट धरली, आणि ती घट्ट धरली आहे की नाही हे बघायला त्यांना हाताकडे बघावं लागलं.

"ताईला तू सांगशील?" त्यांनी विचारलं.

"मी? ताईला? भाऊजी, त्यापेक्षा ऑपरेशन परवडलं."

सांगितलं मास्तरांनीच. बायकोच्या मांडीवर कोणाचं तरी मूल झोपलेलं होतं, त्यामुळे तिला ओरडता आलं नाही. ती खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "माझं ऐकता म्हणून पँट बसतेय, असं वाटायचं मला." मग थोड्या वेळाने, "आणि मीच ती मोठी टांगून ठेवली दुकानात. तुम्हाला मागे फिरायला जागाच नाही ठेवली."

त्यानंतर सगळ्यांनी मिळून मास्तरांचा ताबा घेतला. बिस्किटांचा डबा उंच फळीवर गेला. सकाळची गोळी बायको समोर उभी राहून देते आणि तोंड उघडून दाखवायला लावते, पाळणाघरातल्या पोरांना लावते तसं. दुपारची गोळी काकूंच्या बटणांच्या डब्यात असते. दुपारी शटर ओढायला बंदी आहे. कॉलरी, दुमडलेल्या कडांची हेम, बारीक टाके सगळं काकू करतात, डोळे बारीक करून, आणि मास्तर कापतात, मशीन मारतात, काकूंना सुई ओवून द्यायचा प्रयत्न करतात आणि जमत नाही. आधी ते लपून अडकले होते, आता चारचौघांत अडकले. बारक्याने सही केली. ऑपरेशन झालं. तो आता मास्तरांना रोज फोन करून विचारतो, "भाऊजी, गोळी घेतली?" आणि मास्तर त्याला विचारतात, "तू?" दोघंही एकमेकांवर पाळत ठेवून आहेत, आणि दोघांनाही त्याचा वैताग येतो.

पुढच्या तपासणीला मास्तर दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले. सिस्टर कुलूप काढत होत्या. "अरे वा, फोटोवाले! आज सूर्य कुठे उगवला?" मास्तरांना दुसरा नंबर मिळाला. तो मुठीत धरून ते बाकड्यावर बसले, दाराकडे तोंड करून. पळायला नव्हे, वाट बघायला. रंगाऱ्याची तपासणीही याच दिवशी असते, सिस्टरनीच मागे म्हटलं होतं.

पहिला झाला. सिस्टरनी दुसरा पुकारला.

"पुढचा घ्या," मास्तर म्हणाले. "मी एकासाठी थांबलोय."

तिसरा गेला, चौथा गेला. लोक येत होते, उभे राहत होते, काटा कुरकुरत होता. दुकानात काकू एकट्या, आज दोन पँटी द्यायच्या, तरी मास्तर हलले नाहीत. बोळ रिकामा होत आला तेव्हा सिस्टरनी विचारलं, "कोणासाठी थांबलाय?"

"ते रंगारी. केसांत पांढरा रंग असतो ते."

"त्यांना कालच फोन केला होता. परवाही केला."

"मग?"

"उचलत नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली. रंगाऱ्याच्या मोबाईलमध्ये सिस्टर कोणत्या नावाने असतील, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. "राहतात कुठे ते?"

"पेशंटचा पत्ता मी कसा देणार? चला, या काट्यावर. तुमच्यासाठी मी घरी जायची थांबलेय."

आकडा जवळजवळ तोच होता, किंचित खाली. सिस्टरनी इंजेक्शन दिलं, कापूस दाबून धरायला सांगितला. मास्तर डोळे मिटून कापूस कुठे आहे ते बोटाने शोधत होते. अंगठ्याला काहीतरी लागल्यासारखं वाटलं. कदाचित वाटलं नुसतं.

बिल्ला परत देऊन ते बाहेर पडले. वाटेत एका दुमजली घराला निळा रंग लागत होता. मास्तर थांबले आणि शिडीवरच्या माणसाला त्यांनी जोरात हाक मारली. तो वळला, हातात ब्रश, डोक्याला फडकं बांधलेलं.

"काय पाहिजे?"

दुसराच कोणीतरी होता.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "रंग छान लागलाय."